घोडबंदर रोडचा बीजेजे क्लास: गार्डसाठी जा, पार्किंगची आशा सोडून जा

सरळ सांगतो, ब्राझिलियन जिउ-जित्सूच्या (बीजेजे, जमिनीवर लढायची कुस्तीसारखी कला) या क्लासची फी जास्त आहे, एसी असून नसल्यासारखा, पण पाठीवर पडून पायांनी समोरच्याला कसं अडवायचं नि उलटवायचं, म्हणजे गार्ड, ते नीट शिकायचं असेल तर पैसे वसूल.

बऱ्याच ठिकाणी काय होतं, आज डे ला रिवा, उद्या स्पायडर, परवा एक्स असे गार्डचे प्रकार, प्रत्येकाचे दोन स्वीप (खालून समोरच्याला उलटवून वर येणं) दाखवले की झालं. एकातून दुसऱ्यात कधी जायचं ते राहूनच जातं. मग रोलिंगला, म्हणजे सरावाच्या लढतीला, पोरं पहिल्या गार्डलाच चिकटून बसतात नाहीतर यूट्यूबवर पाठ केलेलं सगळं ओळीने करायला जातात आणि समोरच्याने मधेच वेगळं काही केलं की आटोपलं. इथले सर आधी समोरच्याकडे बघायला लावतात. गुडघ्यांवर बसलाय तर बटरफ्लाय, त्याने एक गुडघा उचलून पाय टेकवला की त्याच पायाखाली घुसून एक्स, उभाच राहिला तर डे ला रिवा.

एक ड्रिल तर भारीच. पार्टनर उभा, तुमचा पाय त्याच्या पुढच्या पायाला बाहेरून गुंडाळून हुक केलेला (हाच डे ला रिवा), एका हाताने त्याची टाच, दुसऱ्याने बाही. आता तो गुडघा आत वळवून हुक सोडवायला बघतो आणि तुमच्यावर चालून येतो. बहुतेक जण हुक वाचवायला धडपडतात. सर म्हणतात, "जाऊ दे ना तो हुक, टाच सोडू नकोस!" तोच पाय त्याच्या कंबरेवर टेकवायचा, दुसरा पाय मधून आत सरकवायचा, झाला सिंगल लेग एक्स. ठाण्याला लोकल पकडताना दांडा हातात आल्याशिवाय पाय उचलतो का आपण, तसंच, नवी ग्रिप पक्की झाल्याशिवाय जुनी सोडायची नाही.

आणि हे सारखं गार्ड बदलणं कशासाठी तेही सांगतात. आयबीजेजेएफ या बीजेजेच्या आंतरराष्ट्रीय फेडरेशनच्या नियमांत गार्ड बदलल्याचा पॉइंट शून्य, स्वीपचे 2, आणि तुमचा गार्ड पास झाला, म्हणजे समोरचा तुमचे पाय ओलांडून पुढे आला, तर त्याला 3. म्हणजे नुसतं इकडून तिकडे फिरत बसून काही मिळत नाही, त्याचा तोल गेलेला असतानाच बदलायचं. हाफ गार्डवर (समोरच्याचा एकच पाय आपल्या पायांत अडकवलेला) पण चांगला वेळ देतात. पूर्वी तिथे अडकलात म्हणजे आता पास होणार असंच धरायचे, मग रिओच्या रोबेर्तो 'गोर्दो' कोरेयाचा गुडघा दुखावला आणि त्याने तिथूनच स्वीप करायला सुरुवात केली. सरांचा हा आवडता किस्सा, दर महिन्याला ऐकावा लागतो :)

आता तक्रारी. मॅट लहान आणि माणसं जास्त, रोलिंगला शेजारच्या जोडीची टाच कानाला लागते. दोन शिफ्टमध्ये रोल करायला लावा म्हणून आम्ही सांगून दमलो, ढिम्म हलत नाहीत. भाड्याचा गी (सरावाचा जाड ड्रेस) घेऊच नका, वास येतो. स्वतःचे दोन ठेवा, पावसाळ्यात एक वाळेपर्यंत पुढचा क्लास येतो.

अगदी नवीन असाल तर ही बॅच नको, आधी बेसिकला क्लोज्ड गार्ड (पाय समोरच्याच्या कंबरेभोवती अडकवून धरणं) आणि श्रिम्पिंग (पडल्या पडल्या कंबर मागे सरकवणं) पक्कं करा, नाहीतर नुसते लोळत बसाल. ट्रायल क्लास फुकट आहे, तो शनिवारी घ्या, गर्दी कमी असते. आणि कापुरबावडीकडून येणार असाल तर प्लीज टू-व्हीलरच आणा.