सह्यांची वही, ऑनलाइन याचिका, ग्रामसभेचा ठराव की कोर्ट? खाडीकाठच्या गावांसाठी एक तुलना

मुंबईहून भाच्याचा फोन आला. "आत्या, बांध पुन्हा फुटला ना? मी आजच ऑनलाइन याचिका टाकतो. दोन दिवसांत हजार सह्या होतील." उधाणाच्या भरतीने आमच्या खारबंदिस्तीला, म्हणजे खाडीचं पाणी अडवणाऱ्या बांधाला, खांड पडली होती. उघाडीच्या, म्हणजे पाणी सोडायच्या दाराच्या, बाजूने खारं पाणी लावणी झालेल्या खाचरांत शिरलं होतं. पोराचा जीव तुटत होता, तसा माझाही. मी त्याला एवढंच विचारलं, "त्या हजार सह्या कोणाच्या टेबलावर जाणार, आणि त्याला उत्तर देणं भाग आहे का?"

अलिबागकडच्या खाडीपट्ट्यात मी एक पंचवार्षिक ग्रामपंचायत सदस्य होते. सह्या गोळा केल्या, ठराव मांडले, जिल्ह्याच्या कचेरीत हेलपाटे घातले. डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंत प्रत्येक गावात कुणीतरी आज हाच विचार करत असेल: वाळूचा ड्रेजर, फुटका बांध, पर्ससीनच्या बोटी, खाणीचे डंपर, यांविरुद्ध अर्ज करायचा तर कुठल्या वाटेने? त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

सह्यांची वही आणि मोबाइलवरची सही

या दोन्हींत लोक मोजले जातात, म्हणून त्या एकसारख्या वाटतात. पण कागदी निवेदन कचेरीत दाखल होतं. त्याला आवक क्रमांक पडतो, शिक्का बसतो, आणि त्या दिवसापासून ते शासनाचं दप्तर होतं. बदल्यांचं विनियमन आणि दिरंगाईला प्रतिबंध करणारा महाराष्ट्राचा २००५ चा कायदा, ज्याला आपण दप्तर दिरंगाई कायदा म्हणतो, सांगतो की कुठलीही फाइल एका कर्मचाऱ्याकडे कामकाजाच्या सात दिवसांपेक्षा जास्त राहता कामा नये. दुसऱ्या विभागाला विचारायची गरज नसेल तर ४५ दिवसांत आणि असेल तर तीन महिन्यांत निर्णय व्हावा. ही मुदत पाळली जातेच असं नाही, पण ती मोडल्याचं तुम्ही दाखवू शकता. ऑनलाइन याचिकेच्या बाबतीत मोजायला सुरुवातच नसते. ब्रिटनमध्ये संसदेच्या स्वतःच्या संकेतस्थळावर १० हजार सह्यांना सरकार उत्तर देतं आणि एक लाख सह्या झाल्या की चर्चेसाठी विचार होतो. आपल्याकडे खासगी संकेतस्थळावरच्या याचिकेला असा कुठलाही आकडा लागू नाही. पन्नास हजार झाल्या तरी तहसीलदार कायद्याने बांधला जात नाही.

तरी ऑनलाइनला मी नावं ठेवणार नाही, कारण आपल्या गावांची रचनाच तशी आहे. अर्धं गाव चाकरमानी. नालासोपारा, डोंबिवली, सुरत. त्यांची घरं, कलमं, खाचरं इथे, मतदार यादीतलं नाव तिथे. ग्रामसभेत त्यांचा हात मोजला जात नाही. त्यांना एकत्र आणायला, वर्तमानपत्राच्या बातमीदाराला एक दुवा पाठवायला, एखाद्या कंपनीला आपल्या नावाची काळजी वाटायला लावायला मोबाइल उपयोगी पडतो. फक्त दोन गोष्टी पाहा. सही झाल्यावर काही संकेतस्थळं याचिकेच्या प्रसारासाठी पैसे मागतात. ते संकेतस्थळाकडे जातात, गावाकडे येत नाहीत. आणि ती यादी कधीतरी छापून, वर एक पत्र लावून, आवक-जावकच्या खिडकीवर द्यावीच लागते.

कागदी निवेदनात आमची चूक कुठे झाली ते सांगते. पहिल्यांदा बांध फुटला तेव्हा आम्ही बायकांनी घरोघर फिरून तीन वह्या भरल्या. म्हाताऱ्यांचे अंगठे घेतले. एका कार्यक्रमात व्यासपीठावरच्या पाहुण्यांच्या हातात त्या वह्या दिल्या, फोटो निघाला, दुसऱ्या दिवशी बातमी आली. आम्ही खूश. सहा महिन्यांनी संबंधित कार्यालयात गेले तर असं कुठलंही निवेदन त्यांच्याकडे आलेलंच नव्हतं. पोच घेतली नव्हती. वह्यांच्या आतल्या पानांवर नुसत्या सह्या होत्या, मागणी काय ते फक्त पहिल्या पानावर. त्या पानांना अर्थच उरला नव्हता. म्हणून प्रत्येक पानाच्या माथ्यावर मागणी, खाली पूर्ण नाव, वाडी, वय, सही, दोन प्रती, आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख, क्रमांक. अर्ज त्याच अधिकाऱ्याला, ज्याच्या हातात निर्णय आहे. बाकीच्यांना प्रत माहितीसाठी.

लोकांच्या तक्रारी ऐकायच्या लोकशाही दिनालाही आम्ही गेलो. जिल्हाधिकारी कार्यालयात महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो, अर्ज पंधरा दिवस आधी विहित नमुन्यात द्यावा लागतो. तिथे तक्रार वैयक्तिक स्वरूपाची लागते. साऱ्या गावाच्या सह्यांचं निवेदन परत मिळालं. तुमच्या एकट्याच्या सातबाऱ्याची, नुकसानभरपाईची तक्रार असेल तर तो दिवस चांगला आहे. गावाच्या मागणीसाठी ती जागा नव्हे.

ग्रामसभेचा ठराव

माझा कल इथे आहे, ते लपवत नाही. निवेदन ही काही माणसांची विनंती असते. ठराव हे गावाचं म्हणणं असतं, कायद्याने घेतलेल्या सभेच्या इतिवृत्तात लिहिलेलं. गणपूर्तीसाठी मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी जी संख्या कमी असेल ती पुरते. म्हणजे मोठ्या गावातही शंभर माणसं जमवणं एवढंच काम. विषय आधी लेखी द्या, तो विषयपत्रिकेवर आला का ते नोटीस लागल्याबरोबर बघा, आणि सभेआधीच्या महिला सभेत तो मांडा. खारं पाणी विहिरीत उतरतं तेव्हा सगळ्यात आधी बायकांना कळतं, आणि आमच्या ठरावाला खरी ताकद तिथूनच आली.

ठराव किती दूर जातो याचं मोठं उदाहरण सिंधुदुर्गात आहे. कळणेच्या खाणीनंतर सावंतवाडी आणि दोडामार्ग तालुक्यांतल्या २५ गावांच्या ग्रामसभांनी आपलं क्षेत्र पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील घोषित करावं असे ठराव केले. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालच्या पश्चिम घाट समितीने २०११ च्या अहवालात त्यांची नोंद घेतली. पुढे हाच पट्टा जनहित याचिकेतून मुंबई उच्च न्यायालयात गेला, तिथे वृक्षतोडीवर बंदी आली, आणि मार्च २०२४ मध्ये न्यायालयाने हे क्षेत्र संवेदनशील म्हणून अधिसूचित करण्याचा आदेश दिला. दहा वर्षांहून जास्त काळ गेला, त्यात झाडंही गेली. पण गावांचं म्हणणं कुणाला पुसता आलं नाही, कारण ते इतिवृत्तात होतं.

ठरावाची दुसरी बाजू आपल्याला महाडने शिकवली आहे.   सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करणारा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात १९२३ साली मंजूर झाला. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. तरीही पाण्याला हात लागला तो २० मार्च १९२७ ला, बाबासाहेब हजारो माणसांसह तळ्यावर उतरले तेव्हा. त्यानंतरही कोर्टात दावा चालला आणि उच्च न्यायालयाचा निकाल लागायला १९३७ उजाडलं. कायदेमंडळ, नगरपालिका, लोक, कोर्ट: चारही लागले. ठराव झाला म्हणून घरी बसू नका हे मी सभेत सांगायचे, तेव्हा डोळ्यांसमोर हेच असायचं.

नाणारकडे पाहिलं तर वेळेचं महत्त्व कळतं. राजापूर तालुक्यातल्या त्या गावांनी रिफायनरीविरुद्ध ठराव केले, मोर्चे काढले, आणि मार्च २०१९ मध्ये जमीन संपादनाची अधिसूचना मागे घेण्यात आली. लोकसभा निवडणूक तोंडावर होती, युतीच्या बोलणीत नाणार हा विषय होता. ठराव आधीपासून तयार होते म्हणून त्या वेळी ते कामी आले. मात्र २०२२ मध्ये त्याच तालुक्यातल्या बारसूचं नाव पुढे आलं. एका गावाचा ठराव शेजारच्या गावाचं रक्षण करत नाही.

जनसुनावणीतली हरकत

बंदर, वीज प्रकल्प, खाण असा मोठा विषय असेल तर ही वाट चुकवू नका. २००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेप्रमाणे प्रदूषण नियंत्रण मंडळ जनसुनावणी घेतं, किमान ३० दिवस आधी नोटीस देतं, आणि सभेचं चित्रीकरण होतं. लेखी हरकतही देता येते. बोललेलं इतिवृत्तात दोन ओळींत आटपतं. लिहून दिलेलं पूर्ण जोडावं लागतं.

पण सुनावणी म्हणजे मतदान नव्हे. जैतापूरच्या अणुप्रकल्पाची सुनावणी १६ मे २०१० ला माडबनला झाली. अहवाल मराठीत वेळेवर मिळाला नाही अशी गावकऱ्यांची तक्रार होती, विरोध उघड होता. नोव्हेंबरमध्ये ३५ अटी घालून मंजुरी मिळाली. हरकत घेणाऱ्याने हे आधीच समजून घ्यावं: 'आम्हाला प्रकल्प नको' एवढंच लिहिलं तर उत्तर द्यायला फार काही नसतं, 'या महिन्यात या खाडीत कोळंबीची पिल्लं असतात आणि तुमच्या अहवालात ती नाहीत' असं लिहिलं तर उत्तर द्यावं लागतं. मतदानासारखं काही कोकणात झालं ते पेणला. महामुंबई सेझसाठी (विशेष आर्थिक क्षेत्रासाठी) जमीन देण्यावर हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या २२ गावांत २१ सप्टेंबर २००८ ला जिल्हा प्रशासनाने शेतकऱ्यांचं मत घेतलं. तसं पुन्हा व्हावं असं मला मनापासून वाटतं, पण ती कुणाला हक्काने मागता येईल अशी वाट नाही.

कोर्ट आणि हरित न्यायाधिकरण

इथे उत्तर मिळतं, आणि किंमतही इथेच सर्वांत जास्त. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं आहे आणि रत्नागिरी, सिंधुदुर्ग त्याच्या कक्षेत आले आहेत. देवगडच्या माणसाची मुंबईची रात्र वाचली. रायगड, ठाणे, पालघरला मुंबईच. पर्यावरणाचा विषय असेल तर पुण्याचं राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण जास्त जवळचं: भरपाई मागत नसाल तर शुल्क एक हजार रुपये, वकिलाशिवायही उभं राहता येतं. मात्र घटनेपासून सहा महिन्यांची मुदत आहे, सबळ कारण दाखवलं तर आणखी ६० दिवस. एखाद्या प्रकल्पाच्या मंजुरीविरुद्ध अपील करायचं तर फक्त ३० दिवस, फार तर ९०. गावकीची बैठक पुढच्या शिमग्याला ठेवणाऱ्यांनी हे नीट वाचावं.

न्यायाधीश पहिला प्रश्न विचारतात तो असा: संबंधित अधिकाऱ्याकडे तुम्ही आधी मागणी केली होती का? तेव्हा ती शिक्क्याची पोच, तो ठराव, ती लेखी हरकत हीच तुमची कागदपत्रं. म्हणून मी कोर्टाला शेवटी ठेवते. आणि आदेश झाला तरी काम होतंच असं नाही. मुंबई-गोवा महामार्गाचं रुंदीकरण २०११ मध्ये सुरू झालं. त्यावर जनहित याचिका झाल्या, सरकारने शपथेवर मुदती दिल्या, त्या उलटून गेल्या. डहाणूचं पाहून तर जीव कासावीस होतो. सर्वोच्च न्यायालयातल्या याचिकेतून १९९६ साली तिथे पर्यावरण संरक्षण प्राधिकरण उभं राहिलं, १९९८ मध्ये त्याने वाढवण बंदराला नकार दिला, आणि २०२३ मध्ये त्याच प्राधिकरणाने होकार दिला. किनाऱ्यावरच्या मच्छीमारांची एक पिढी त्या नकाराच्या भरवशावर जगली होती.

विधिमंडळाची विनंती अर्ज समिती आणि संसदेच्या याचिका समित्याही आहेत. फुटक्या बांधासाठी त्या लांब पडतात. धोरण बदलायचं असेल तर मात्र विचार करा. महाड, खेड, चिपळूणकडच्या माजी सैनिकांच्या घरांना आठवत असेल, 'वन रँक वन पेन्शन'ची शिफारस राज्यसभेच्या याचिका समितीने डिसेंबर २०११ मध्ये केली होती. सरकारचा आदेश निघाला नोव्हेंबर २०१५ मध्ये.

तर मग भाच्याला काय सांगितलं

आधी निवेदन, पोचेसह. मग ग्रामसभा. त्यानंतर ४५ दिवस थांबून माहिती अधिकाराचा अर्ज: दहा रुपये, एकच विषय, १५० शब्दांत, 'आवक क्रमांक अमुकवर आजपर्यंत झालेल्या कार्यवाहीच्या टिपणीची प्रत द्यावी'. तीस दिवसांत उत्तर द्यावंच लागतं. मागच्या वेळी आम्हाला बांधाचं अंदाजपत्रक कुठल्या टेबलावर अडलं होतं ते याच अर्जाने कळलं, आणि तिथून काम हललं. ऑनलाइन याचिका याच्या बरोबरीने चालू दे, चाकरमान्यांना जोडायला.

"मग मी काय करू?" त्याने विचारलं. मी म्हटलं, कोऱ्या पानांच्या माथ्यावर मागणी छापून घे, शंभर प्रती. गणपतीला येशील तेव्हा घेऊन ये. आरतीला सगळी वाडी जमते, तिथेच सह्या घेऊ. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेसाठी विषयाचा अर्ज मी उद्याच ग्रामपंचायतीत देते.