नोडमध्ये स्ट्राइप बसवून दहा महिने झाले, त्याचा अनुभव

स्ट्राइप या ऑनलाइन पैसे घेऊन देणाऱ्या सेवेतून (पेमेंट गेटवेतून) पहिलं पेमेंट मी दोन तासांत घेतलं होतं. नोडसाठीची (नोड म्हणजे सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारी प्रणाली) त्यांची लायब्ररी टाकली, गुप्त की एन्व्हायर्नमेंटमध्ये ठेवली, एक्सप्रेस या नोडच्या फ्रेमवर्कमध्ये एक राउट (एका पत्त्यावर आलेली विनंती हाताळणारा कोड) लिहिला, चेकआउट सेशन तयार केलं आणि ४२४२ ४२४२ ४२४२ ४२४२ हे चाचणीचं कार्ड घालून हिरवी टिक पाहिली. त्याच संध्याकाळी टीमला सांगून टाकलं, "पेमेंटचं काम झालं." ते वाक्य आता आठवलं की हसू येतं. कार्डावरून पैसे कापले जाणं हा यातला सगळ्यात छोटा भाग निघाला. बाकीचे दहा महिने पैसे खरंच आले का, कोणाचे आले, किती आले आणि ते आपल्या डेटाबेसला कधी कळलं, याच्यामागे गेले.

आमची टीम तिघांची. महिन्याच्या सदस्यत्वावर चालणारं ॲप, सर्व्हरवर नोड आणि एक्सप्रेस, खाली पोस्टग्रेस डेटाबेस. याआधी दुसरा एक गेटवे वापरला होता, त्याचं नाव घेत नाही. त्याची नोडसाठीची लायब्ररी म्हणजे जुन्या कॉलबॅक पद्धतीची एकच फाइल होती आणि एखादा एरर कोड म्हणजे काय हे विचारलं की उत्तराची वाट बघत बसायचं. त्या मानाने स्ट्राइपची लायब्ररी सुखाची वाटली. सगळं प्रॉमिसवर (नंतर येणाऱ्या उत्तराची जागा धरणाऱ्या ऑब्जेक्टवर) चालतं, टाइपस्क्रिप्टचे (डेटाचे प्रकार तपासणाऱ्या जावास्क्रिप्टचे) टाइप सोबतच येतात, आणि एरर ऑब्जेक्टमध्ये चूक कुठल्या प्रकारची आहे ते वेगळं कळतं. कार्ड नाकारलं गेलं की आपली विनंतीच चुकीची होती, हा फरक रात्री अकरा वाजता फार मोलाचा असतो.

एक निर्णय पहिल्याच दिवशी बरोबर घेतला गेला, तोही थोडा आळसापोटी: कार्डाचा फॉर्म स्वतः बनवला नाही. ग्राहक स्ट्राइपच्या पानावर जातो, तिथे कार्ड भरतो आणि परत येतो. कार्डाचा नंबर आमच्या सर्व्हरला शिवतही नाही, त्यामुळे पीसीआय डीएसएसचं (कार्डाची माहिती सुरक्षित ठेवण्याच्या नियमावलीचं) आमच्यावरचं ओझं पुष्कळ हलकं झालं. त्या नियमावलीची ३.२.१ ही आवृत्ती ३१ मार्च २०२४ ला बाद झाली आणि ४.० मालिकेतले नियम बरेच वाढले आहेत. ते सगळे अंगावर घ्यायचे नसतील तर कार्डाचा नंबर आपल्या दारातच येऊ देऊ नये.

आता वेबहुक. सुरुवातीला आम्ही सदस्यत्व चालू करत होतो ते 'धन्यवाद' पानावर. ग्राहक पैसे भरून परत आला की तो राउट चालायचा आणि डेटाबेसमध्ये नोंद व्हायची. पहिल्याच आठवड्यात तक्रार आली: पैसे गेले, सदस्यत्व नाही. त्या ग्राहकाने बँकेचा ओटीपी टाकला, पैसे कापल्याचा मेसेज आला आणि त्याने टॅब बंद केला. त्याचं काहीच चुकलं नव्हतं. आमचा राउट मात्र कधी चाललाच नाही. ब्राउझर हा साक्षीदार म्हणून कामाचा नाही, हे तेव्हा डोक्यात शिरलं. खरी बातमी गेटवेच्या सर्व्हरकडून आपल्या सर्व्हरला येते, तीच वेबहुक.

वेबहुक बसवला आणि पहिल्याच इव्हेंटला (अशा एका बातमीला) आमच्याकडून ४००, म्हणजे 'विनंती चुकीची'. लॉगमध्ये एकच रड: सिग्नेचर, म्हणजे बातमी स्ट्राइपचीच असल्याची सही, जुळत नाही. गुप्त किल्ली तीनदा तपासली, नवी काढली, शेवटी मागेपुढे एखादी स्पेस चिकटली आहे का तेही पाहिलं. दुपार गेली. चूक सहा महिन्यांपूर्वी लिहिलेल्या एका ओळीत होती. ॲपच्या अगदी वरच्या भागात एक्सप्रेसचा जेसॉन मिडलवेअर (राउटच्या आधी चालून विनंतीतला मजकूर वाचणारा कोड) सगळ्या राउट्ससाठी लावलेला होता. स्ट्राइप सही करतं ती टाइमस्टॅम्प, एक टिंब आणि मूळ बॉडी (विनंतीतला मजकूर) यांच्यावर, एचएमएसी-एसएचए२५६ ने, म्हणजे गुप्त किल्ली मिसळून काढलेल्या हॅशने. बॉडी म्हणजे जशी आली तशी, बाइट न् बाइट. आमच्या मिडलवेअरने ती आधीच पार्स करून ऑब्जेक्ट करून ठेवली होती आणि मी तो ऑब्जेक्ट परत स्ट्रिंग करून तपासायला देत होतो. मूळ बॉडीत ओळी आणि मोकळ्या जागा असतात, माझ्या स्ट्रिंगमध्ये सगळं सलग. डोळ्यांना मजकूर एकच, हॅशला पूर्ण वेगळा. उपाय दोन ओळींचा: वेबहुकचा राउट जेसॉन मिडलवेअरच्या वर न्यायचा आणि त्या एकाच राउटला बॉडी कच्ची वाचायला लावायची.

त्यानंतर प्रॉडक्शनवर तीच चूक पुन्हा दिसली तेव्हा मात्र घाम फुटला. पण कारण वेगळं होतं. लोकल मशीनवर सीएलआयने (स्ट्राइपच्या कमांड-लाइन साधनाने) इव्हेंट ऐकताना ते स्वतःची वेगळी सही-किल्ली देतं, आणि मी तीच उचलून सर्व्हरवर टाकली होती. डॅशबोर्डवर नोंदवलेल्या प्रत्येक एंडपॉइंटची किल्ली निराळी असते. सर्व्हरचं घड्याळही बरोबर ठेवा, कारण टाइमस्टॅम्प पाच मिनिटांहून जुना असेल तर लायब्ररी मुळातच तो इव्हेंट नाकारते.

वेबहुक हाताळणारा कोड आम्ही तीनदा लिहिला, आणि माझ्या मते या सगळ्या कामाचं सार त्यातच आहे. पहिल्या खेपेला इव्हेंट आला की सदस्यत्व चालू करायचं, पावतीचं पीडीएफ बनवायचं, मेल पाठवायचा आणि मग २०० (म्हणजे 'मिळालं') उत्तर द्यायचं असा क्रम होता. एक दिवस मेलचा सर्व्हर रेंगाळला. उत्तर वेळेत गेलं नाही, म्हणून तोच इव्हेंट परत आला, मग परत आला. लाइव्ह मोडमध्ये हे प्रयत्न तीन दिवसांपर्यंत चालू राहतात. एका बाईंना एकाच पावतीचे तीन मेल गेले आणि त्यांनी अगदी रास्त प्रश्न केला, "माझे तीनदा कापले का हो?"

म्हणून दुसऱ्या खेपेला आधी २०० द्यायचं ठरवलं, काम मागाहून. काम करणाऱ्या फंक्शनपुढे अवेट (काम संपेपर्यंत थांबायला सांगणारा शब्द) लिहिलं नाही, मुद्दामच. चार दिवस बरं चाललं. पाचव्या दिवशी डेटाबेसचं कनेक्शन क्षणभर तुटलं, प्रॉमिस रिजेक्ट झालं, ते पकडणारं कोणीच नव्हतं. नोड १५ पासून असं बेवारस रिजेक्शन झालं की प्रोसेसच आडवी होते. तशी ती झाली, सोबत इतर ग्राहकांच्या विनंत्याही गेल्या, आणि आम्ही २०० देऊन बसलो असल्याने तो इव्हेंट पुन्हा यायचा प्रश्नच नव्हता.

तिसरी खेप अजून टिकून आहे. इव्हेंट आला की सही तपासायची, तो जसाच्या तसा एका टेबलमध्ये टाकायचा आणि मगच २०० द्यायचं. टेबलमध्ये इव्हेंटच्या आयडीवर युनिक बंधन आहे, त्यामुळे तोच इव्हेंट दहादा आला तरी नोंद एकच. खरं काम मागे वेगळा वर्कर करतो. तो इव्हेंटमधल्या माहितीवर थेट विसंबत नाही, आयडी घेऊन सध्याची स्थिती पुन्हा विचारतो. कारण इव्हेंट क्रमाने येतीलच याची हमी नाही, हे कागदपत्रांत स्वच्छ लिहिलेलं आहे. आम्ही ते वाचलं, पण एका रद्द झालेल्या सदस्यत्वावर जुना इव्हेंट उशिरा येऊन ते परत चालू झाल्यानंतर.

आता आयडेम्पोटन्सी की, म्हणजे प्रत्येक विनंतीसोबत पाठवायची ओळखखुणेची किल्ली, हिच्याबद्दल. तीच की घालून तीच विनंती पुन्हा पाठवली तर दुसऱ्यांदा पैसे कापले जात नाहीत, पहिलंच उत्तर परत मिळतं. की किमान २४ तास लक्षात ठेवली जाते. जतन केलेल्या कार्डावरून एका क्लिकमध्ये जादा जागा विकत घ्यायची सोय आमच्याकडे आहे, तिथे मी ही की मोठ्या अभिमानाने घातली होती. राउटच्या आत, दर वेळी नवी यादृच्छिक. म्हणजे ग्राहकाने दोनदा बटण दाबलं की दोन विनंत्या, दोन किल्ल्या, दोनदा पैसे. कुलूप लावून किल्ली दाराला लटकवून ठेवण्यातला प्रकार. आता पान उघडतानाच ऑर्डरची नोंद होते आणि किल्ली त्या ऑर्डरच्या आयडीवरून बनते. त्यातही एक मेख आहे: नाकारलं गेलेलं पेमेंटही त्या कीखाली जतन होतं. ग्राहकाने बँकेत फोन करून अडचण सोडवली तरी त्याच कीवर तोच नकार परत येणार. म्हणून किल्लीत ऑर्डरच्या आयडीसोबत प्रयत्नाचा आकडाही घातला आहे.

सगळ्यात लाज आणणारी चूक हिशेबाची. आमचा हिशेब बघणाऱ्या ताई एकदा म्हणाल्या, "अहो, तुमच्या ॲपमध्ये आणि जमा झालेल्या रकमेत फरक येतोय. दमडीचाच आहे, पण रोज आहे." स्ट्राइपला रक्कम चलनाच्या लहानात लहान एककात, पूर्णांकात द्यावी लागते. आमच्या डेटाबेसमध्ये किंमत १९.९९ अशी दशांशात होती. कोड तिला १०० ने गुणून पूर्णांक करत होता. जावास्क्रिप्टमध्ये १९.९९ गुणिले १०० म्हणजे १९९९ येत नाही, १९९८.९९९९९९९९९९९९८ येतं. त्यावर मी पार्सइंट लावलं होतं. ते शेपूट कापून टाकतं. झाले १९९८. प्रत्येक विक्रीमागे एक एकक कमी, चार महिने. ग्राहकांना एक एकक स्वस्त पडत होतं, त्यामुळे तक्रार कोण करणार? आता किमती डेटाबेसमध्येच पूर्णांकात आहेत. १०० ने गुणणारी ओळही काढली, कारण जपानी येनला दशांश नसतातच आणि कुवेती दिनारला तीन असतात.

आवृत्त्यांबाबत एकच सांगतो. स्ट्राइपच्या एपीआयच्या आवृत्त्या तारखेने ओळखल्या जातात आणि लायब्ररीची प्रत्येक आवृत्ती त्यातल्या एकीला बांधलेली असते. ३१ मार्च २०२५ च्या आवृत्तीत सदस्यत्वाचा चालू कालावधी कधी संपतो ती तारीख सदस्यत्वावरून हलून आतल्या आयटमवर गेली. मी बदलांची यादी न वाचता अपग्रेड केलं आणि आमच्या खात्याच्या पानावर सगळ्यांना पुढची तारीख "अवैध" दिसू लागली. टाइपस्क्रिप्टने ओरडून सांगितलं असतं, पण त्या फाइलमध्ये मीच एनी ('कुठलाही प्रकार चालेल') लिहून त्याचं तोंड बंद केलं होतं.

आवडलेल्या गोष्टींत टेस्ट क्लॉक सगळ्यात वर. चाचणी खात्यात एक खोटं घड्याळ बनवायचं, ग्राहक त्याला जोडायचा आणि घड्याळ महिनाभर पुढे ढकलायचं. नूतनीकरण, नापास झालेलं कार्ड, सगळे इव्हेंट मिनिटाभरात समोर. हे आधी माहीत असतं तर पहिल्या महिनाअखेरीची जागरणं वाचली असती. न आवडलेलं म्हणजे लायब्ररीचा मूळ टाइमआउट (उत्तराची वाट बघण्याची मर्यादा) ८० सेकंदांचा आहे. ग्राहक तेवढा वेळ गोल फिरणारं चाक बघत बसत नाही. आम्ही तो बराच खाली आणला.

रोज पहाटे एक जॉब आदल्या दिवसाचे स्ट्राइपकडचे व्यवहार आणि आमच्या नोंदी समोरासमोर ठेवतो, जे जुळत नाही त्याची यादी ताईंना जाते. बहुतेक दिवशी ती रिकामी असते. डिस्प्यूटचं (ग्राहकाने बँकेमार्फत पेमेंटवर घेतलेल्या हरकतीचं) काम मात्र अजून अर्धवट आहे. इव्हेंट येतो, आम्हाला मेल जातो, पुढचे पुरावे गोळा करून भरणं हातानेच चालतं. मागच्या आठवड्यात एक आला तो शुक्रवारी संध्याकाळी.