गहू, ज्वारी की ड्रॅगन फ्रूट? पाण्याचा हिशोब पानातून

दोन एकर काळं रान, एक विहीर, आणि ती फेब्रुवारीत तळ गाठणार हे ठाऊक. अशा वेळी गहू की ज्वारी हे आपण बाजारभाव बघून ठरवतो. पानाच्या आत काय चालतं तेही बघायला हवं.

गव्हाच्या पानात कार्बन डायऑक्साइड पकडतं ते रुबिस्को नावाचं विकर (एन्झाइम). त्याची खोड अशी की ते ऑक्सिजनही धरतं. 25 अंशांच्या आसपास तीन-चारदा नेम लागला की एकदा चुकतो, आणि ती चूक निस्तरताना कमावलेला थोडा कार्बन हवेत परत जातो. हेच प्रकाशश्वसन. ऊन चढलं की चुका वाढतात. पाणी राखायला पानाने रंध्रं, म्हणजे हवा-पाण्याची ये-जा होणारी बारीक छिद्रं, मिटली की आणखी वाढतात. त्यामुळे नोव्हेंबरातला गहू निभावतो, पण डिसेंबरअखेर पेरलेल्याला दाणा भरतानाच मार्च गाठतो. उशिराच्या गव्हाचा दाणा बारीक राहण्याचं हे एकमेव कारण नव्हे, पण हेही आहेच.

ज्वारीचं पान आडवं कापून सूक्ष्मदर्शकाखाली धरा. प्रत्येक शिरेभोवती गडद हिरव्या पेशींचं कडं दिसेल. बाहेरच्या पेशींत ऑक्सिजनला न भुलणारं दुसरं विकर कार्बन पकडतं आणि आत कड्यात पोचवतं. रुबिस्को तिथेच बसलेलं. चुका जवळपास बंद. याचं मोल म्हणजे कार्बन डायऑक्साइडच्या प्रत्येक रेणूमागे एटीपीचे, म्हणजे पेशीच्या ऊर्जेच्या चलनाचे, 3 ऐवजी 5 रेणू. थंडीत हा खर्च अंगावर येतो, उन्हात वसूल होतो.

कार्बन डायऑक्साइडचा एक रेणू मिळवताना गव्हासारखं सी-३ (थेट रुबिस्कोने कार्बन पकडणारं) पीक ढोबळमानाने पाण्याचे 400 रेणू उडवतं, ज्वारीसारखं सी-४ (आधी दुसऱ्या विकराने पकडणारं) पीक 150, आणि ड्रॅगन फ्रूट, अननस ही कॅम (रात्री कार्बन साठवणारी) मंडळी 50. पण हा आकडा वाचून भुलू नका. ऊसही सी-४च आहे! तो काटकसरीनेच पितो, पण आडसाली असेल तर दीड वर्ष पितो. विहीर आटते ती एकरी पाण्याने.

कॅम झाडं रंध्रं रात्री उघडतात आणि कार्बन आम्लाच्या रूपात साठवतात. कुंडीतल्या पानफुटीचं पान पहाटे चावून बघा, आंबट लागेल. दुपारी ती चव गेलेली असते. वनस्पतिशास्त्रज्ञ बेंजामिन हाइने यांनी भारतात असतानाच हे टिपलं होतं. त्यांचं पत्र 1815 साली छापलं गेलं. ड्रॅगन फ्रूटला पाणी कमी लागतं हे खरं, पण खांब उभारायचा खर्च आधी होतो, आणि कडक उन्हाळ्यात त्याच्या फांद्या करपतात, सावली करावी लागते. एका हंगामाच्या अडचणीवर हा उपाय नाही.

माझं मत विचाराल तर पाऊण रान ज्वारीला द्यावं. ओल धरणाऱ्या जमिनीत मालदांडी (रब्बी ज्वारीचं वाण) निघते, वर कडबा मिळतो. घरापुरता गहू विहिरीजवळ, वेळेत. फक्त काढणीला माणसं मिळतील का, ते पेरायच्या आधी बघा; गव्हात हार्वेस्टर फिरतो, ही ज्वारी मात्र बहुतेक ठिकाणी अजून हातानेच उपटावी लागते.