दहा महिने सिल्व्हर स्काय एसई: गिटार मेयरची, उन्हाळा नागपूरचा

एप्रिलचा दुसरा आठवडा. रात्री दुकानाचं शटर पाडून घरी आलो, जेवलो, गिटार काढली आणि पहिल्याच स्लाइडला तर्जनीच्या मुळाशी चरचरलं. दिव्याखाली पाहिलं तर बारीक लाल ओरखडा. नेकच्या, म्हणजे गिटारीच्या दांड्याच्या, कडेवरून अंगठा फिरवला आणि दुकानातलं हॅक्सॉ ब्लेड आठवलं. बावीसच्या बावीस फ्रेटांची, म्हणजे दांड्यावरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांची, टोकं लाकडाबाहेर डोकावत होती. पाच महिन्यांपूर्वी, दिवाळीत ही सिल्व्हर स्काय एसई (पीआरएस कंपनीची, अमेरिकन गिटारवादक जॉन मेयरच्या नावाची; एसई म्हणजे स्वस्तातली आवृत्ती) घेतली तेव्हा हीच कड वापरलेल्या साबणाच्या वडीसारखी गुळगुळीत होती.

त्याच रात्री रागारागात पाचपैकी दोन तारे देऊन परीक्षणाचा अर्धा मजकूर लिहून ठेवला होता. पाठवला नाही, हे बरं झालं. आता हिवाळा, उन्हाळा आणि जवळजवळ अख्खा पावसाळा काढून झाला आहे, म्हणून पुन्हा पहिल्यापासून लिहितो.

मी इतवारीत हार्डवेअरचं दुकान चालवतो. स्क्रू, कब्जे, कानस, पॉलिश पेपर. त्यामुळे कुठलीही वस्तू हातात आली की आधी तिचे नटबोल्ट पाहायची खोड. गिटार वीस-बावीस वर्षं वाजवतोय, पण हौशी. रविवारी चौघं जमतो, गणपतीत सोसायटीच्या मांडवात तीन गाणी वाजवतो, झालं. पॉप्लरची बॉडी, रोझवूडचा फिंगरबोर्ड (नेकवरची बोटं टेकवायची पट्टी), साडेपंचवीस इंच स्केल हे सगळ्यांना पाठ असतं, ते इथे उगाळत नाही.

हिला ‘परवडणारी सिग्नेचर’ म्हणतात, म्हणजे नामवंत वादकाच्या नावाची, पण स्वस्तातली. हा शब्द मात्र एकदा तपासून घेऊ. २०२२ मध्ये ही एसई आली तेव्हा अमेरिकेत ८४९ डॉलरला होती. तिकडच्याच मूळ सिल्व्हर स्कायच्या साधारण तिसऱ्या हिश्श्यात. युट्यूबवरचे गोरे लोक म्हणाले, फुकटात आहे, घ्या. तीच गिटार समुद्र ओलांडून, शुल्क भरून, जीएसटी लावून, दुकानदाराचा नफा पोटात घेऊन नागपुरात उतरते तेव्हा तेवढ्या पैशांत चांगली चालती जुनी ॲक्टिव्हा येते. बायकोने हा हिशेब पहिल्याच दिवशी मांडला होता, वर “ॲक्टिव्हावर दूध तरी आणता येतं” हेही. सासरे तिच्याहून वरचढ. त्यांनी विचारलं, “जावईबापू, पैसे तुमचे अन् सही त्याची?”

हा प्रश्न माझ्या डोक्यात तेव्हापासून आहे. त्याच्याकडे येतो, पण आधी भांडण.

ज्या ऑनलाइन दुकानातून घेतली त्यांना फ्रेटांचे सात फोटो पाठवले. नाव लिहीत नाही, कारण पुढे मीच थोडा तोंडावर पडलो. तीन दिवसांनी उत्तर आलं: हवामानामुळे झालेला बदल वॉरंटीत बसत नाही, तरी तपासून हवी असल्यास मूळ खोक्यात घालून आपल्या खर्चाने पाठवा. मूळ खोकं! त्यात तेव्हा थंडीतल्या रजया भरून माळ्यावर टाकल्या होत्या. कुरियरवाल्याने एका बाजूचे २२०० सांगितले. मी फोन लावला. पलीकडची मुलगी म्हणाली, “सर, फ्रेट कन्झ्युमेबलमध्ये येतात.” मी म्हटलं, “ताई, कन्झ्युमेबल म्हणजे झिजतं ते. माझे तर वाढलेत.” ती म्हणाली, “सर, मी नोट करते.” तिने काय नोट केलं देव जाणे. परत फोन आला नाही.

मग चिडून हवेतली आर्द्रता मोजणारा एक काट्याचा हायग्रोमीटर मागवला आणि भिंतीवर गिटारीशेजारीच टांगला. दुपारी दोनला काटा १७ टक्क्यांवर. रात्री अकराला, कूलर सुरू केल्यावर, ६८. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. गिटारींना ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते असं बरेच बनवणारे सांगतात. माझी गिटार रोज त्या आकड्यांवरून सकाळी एकदा आणि रात्री एकदा नुसती ओलांडून जात होती.

नागपूरबाहेरच्यांसाठी सांगतो. पारा चाळीसच्या वर गेला की आमच्याकडे खिडकीला डेझर्ट कूलर लागतो. वाळ्याच्या नाहीतर लाकडी भुशाच्या ताट्या, खाली पाण्याची टाकी, मागे पंखा. ओलसर गार वारा अंगावर येतो. माणसाला स्वर्ग. पण माझी गिटार त्या झोताच्या बरोबर समोर, चार फुटांवर टांगलेली. रात्रभर भिजवायची आणि दिवसभर स्लॅबखाली तापवून वाळवायची. आपण कुरडयांनाही इतका छळ करत नाही.

लाकूड सुकलं की रेषांच्या आडव्या दिशेला आखडतं. फ्रेटचं पातं धातूचं, ते जिथल्या तिथे राहतं. फिंगरबोर्ड अर्धा केसभर अरुंद झाला की टोकं बाहेर. यात माझी लाज अशी, की मी हे रोज पाहतो. आमच्या दुकानाच्या मागच्या लाकडी दारातून मे महिन्यात पलीकडचा उजेड दिसतो आणि जुलैत तेच दार खांद्याने लोटावं लागतं. गिऱ्हाइकाला मी स्वतः सांगतो, दार उन्हाळ्यात रंधू नका. पण गिटार लाख मोलाची, म्हणून तिला लाकडाचे नियम लागू नसावेत असं मी धरून चाललो होतो. तेव्हा ही कंपनीची चूक नाही, आणि त्या दुकानाचं उत्तर शब्दशः बरोबर होतं. बोलायची पद्धत चूक होती, एवढंच.

दुरुस्तीला गिटारवाला शोधला नाही. आमच्या भागात हार्मोनियम आणि सतारी दुरुस्त करणारे एक काका आहेत, सत्तरीचे. मी दुकानातूनच बारीक कानस घेऊन गेलो होतो. त्यांनी ती बाजूला ठेवली. “ही ग्रिलवाल्यासाठी ठेव बाप्पा.” मग गिटार आडवी धरून डोळा मिटून नेक पाहिली, कडेवरून नख ओढलं. मी म्हटलं, पावसाळ्यात लाकूड फुगेल, तेव्हा आपोआप आत जातील, थांबू का? ते म्हणाले, “उलटा विचार करून राहिला तू. आत्ता ती सर्वांत आखडलेली हाय. आत्ताच टोकं घासली का पुढच्या उन्हाळ्यात बाहेर निघाले जागाच राहत नाही. पावसाळ्यात घासशील तर मे महिन्यात परत येशील माझ्याकडे. ये, मला पैसे भेटतील.”

दीड तास बसून पाहिलं. फ्रेटांच्या मधल्या लाकडावर कागदी टेप. बोटभर लांबीची तिकोनी कानस, तिची एक धार मुद्दाम घासून बोथट केलेली, म्हणजे लाकडाला लागू नये. एका टोकाला तीन हलके हात, तिरपे, मग काळ्या पॉलिश पेपरचा तुकडा बोटावर गुंडाळून दोन वेढे. दर चार फ्रेटांनंतर डोळे मिटून अंगठा फिरवायचे. चव्वेचाळीस टोकं. शेवटी ट्रस रॉडला, म्हणजे नेकचा वाक सांभाळणाऱ्या आतल्या सळईला, अगदी थोडा पीळ. घेतले सहाशे. कुरियरच्या एका बाजूच्या पैशांत अशा साडेतीन गिटारी झाल्या असत्या.

घरी येऊन वाजवली आणि तिथून माझं मत फिरलं.

कारण टोकं बोचत असताना मी या गिटारीचा खरा गुण अनुभवतच नव्हतो, आणि तो गुण म्हणजे नेकच. मूळ सिल्व्हर स्काय २०१८ ची. मेयर आणि पीआरएसचे पॉल रीड स्मिथ यांनी १९६३ आणि १९६४ च्या जुन्या गिटारींमधलं आवडतं ते उचलून ती घडवली आणि नेकच्या घडणीला नाव दिलं ६३५जेएम. तीच घडण एसईत आली आहे. माझी बोटं आखूड, तळवा जाड, दुकानात पेट्या उचलून झालेला. अंगठा वरून आणून सहावी तार दाबणं मला वीस वर्षांत कधी जमलं नव्हतं. या नेकवर आठवड्यात जमलं.

आणि एक मजेची गोष्ट. महागड्या अमेरिकन सिल्व्हर स्कायचा फिंगरबोर्ड सव्वासात इंच रेडियसचा, म्हणजे जास्त गोलाकार, जुन्या पद्धतीचा. कॉर्डला छान, पण वरच्या फ्रेटवर मोठा बेंड घेतला, म्हणजे तार बाजूला ताणून सूर चढवला, की तार पुढच्या फ्रेटला टेकून सूर मरायची धास्ती. एसईचा साडेआठ इंच, किंचित सपाट. म्हणजे माझ्यासारख्या बेंडवेड्याला स्वस्तातलीच जास्त सोयीची. काटकसरी माणसाला याहून मोठं सुख नाही.

आता सासऱ्यांच्या प्रश्नाकडे. दुसऱ्याच्या नावाची गिटार घेऊन आपल्याला मिळतं काय? नाव घेणं नवीन नाही. १९५२ ची लेस पॉल गिटारही एका वादकाच्याच नावाची. आणि पीआरएसची स्वस्त एसई मालिका सुरू झाली तीच २००१ मध्ये गिटारवादक सांतानाच्या नावाच्या गिटारीने. माझं मत असं झालंय की सही बघूच नये, त्या माणसाने हट्ट कुठे धरला ते बघावं. स्वस्त करताना कारखाना लाकूड बदलतो, पिकअप (तारांचा आवाज उचलणारी चुंबकं) बदलतो, हार्डवेअर बदलतो, देश बदलतो. ही इंडोनेशियात कॉर-टेकच्या कारखान्यात बनते, म्हणजे कॉर्ट गिटारींच्याच घरात. पण नेकचा आकार, स्विचची मांडणी, तारांखालची गोलाई कापायला तेवढाच वेळ लागतो, मग ती चांगली असो की वाईट. एखाद्या खडूस वादकाने तिथे हट्ट धरला असेल तर तो हट्ट स्वस्त गिटारीतही जवळजवळ पूर्ण उतरतो. ज्या सिग्नेचरमध्ये फक्त रंग आणि मागे छापलेली सही आहे, तिच्यावर साध्या मॉडेलपेक्षा रुपयाही जास्त देऊ नका.

हट्ट मात्र आपल्याला झेपणारा हवा. आमच्या ग्रुपमधल्या एकाने आयबनेझची जेम ज्युनियर घेतली आहे, गिटारवादक स्टीव्ह वायच्या नावाची. मूळ जेम १९८७ ची. बॉडीत हाताने धरायची खाच, फिंगरबोर्डवर वेल. त्याच्या आईला ती वेल इतकी आवडली की देवघराच्या चौकटीवर तशीच कोरून हवी म्हणते. सपाट नेक, २४ फ्रेट, वेगाने वाजवणाऱ्याला मस्त. पण तरंगता, दोन्हीकडून लॉक होणारा ट्रेमोलो (दांडी दाबून सूर हलवायची यंत्रणा) हा वायचा हट्ट, त्याचा नाही. एक तार तुटली की बाकीच्या पाच बेसूर, आणि बदलायला ॲलन की लागते. गेल्या वर्षी गणपतीच्या मांडवात नेमकं तेच झालं. निवेदकाने दहा मिनिटं विनोद सांगितले. ढोलकीवाला म्हणाला, “पाना घेऊन कोणतं गाणं वाजवून राहिला बे?” पान्याचा सेट मीच दिला होता, त्यामुळे मला काही बोलता आलं नाही.

आवाजाबद्दल फार लिहीत नाही. तीन सिंगल कॉइल पिकअप, क्लीनवर आवाज गोल आणि घंटेसारखा, वरची टोकं कानात टोचत नाहीत. स्विचच्या दुसऱ्या आणि चौथ्या पोझिशनवर मी दिवस काढू शकतो. जोरदार डिस्टॉर्शन हवं असेल तर ही तुमची नाही. हेडस्टॉक, म्हणजे नेकचं खुंट्यांचं टोक, उलटा आहे; २०१८ मध्ये लोक हसले होते, मीही हसलो होतो, आता दिसतही नाही. लांबून पाहणाऱ्याला मेयरचं नाव कुठेच वाचता येत नाही, हे सासऱ्यांना दाखवलं. ते म्हणाले, “मग तर अजूनच फसले.”

मे महिन्यात तह झाला. कूलर माणसांचा, बेडरूममधलं लाकडी कपाट गिटारीचं. केसमध्ये प्रवासी साबणाची डबी, तिला भोकं पाडलेली, आत पिळलेला स्पंज. दर तीन दिवसांनी ओला करायचा. काटा ४० च्या आसपास थांबला. जूनमध्ये पाऊस लागल्यावर स्पंज काढला आणि सिलिका जेलच्या पुड्या टाकल्या. ट्रस रॉडला मी स्वतः एकदाच हात लावला, पाव वेढा. फ्रेटांची टोकं आजही गुळगुळीत आहेत; काकांचं खरं की खोटं हे कळायला पुढचा एप्रिल यावा लागेल.

दोन तारे रद्द. साडेचार देतो. अर्धा कापला तो किमतीचा, आणि तोही ८४९ डॉलरला मिळाली असती तर कापला नसता.

जाता जाता जॅक. गेल्या आठवड्यात केबलवर माझाच पाय पडला, जॅकला हिसका बसला आणि नट ढिला होऊन आत खरखर सुरू झाली. उघडलं, वायर शाबूत होती, नट आवळून खाली एक स्टार वॉशर टाकला. वॉशर आमच्याच गल्ल्यामागच्या खणातला. काउंटरवर मुलगा बसला होता. त्याने वहीत माझ्या नावावर दोन रुपये उधार लिहिले, आणि ते अजून खोडलेले नाहीत.