वारंवार होणारे यीस्ट इन्फेक्शन आणि घरचे ग्लुकोमीटर : चौदा महिन्यांच्या वापरानंतरचा अभिप्राय

हे ग्लुकोमीटर, म्हणजे बोट टोचून रक्तातील साखर मोजायचे घरचे यंत्र, मी ज्या कारणासाठी घेतले, ते कारण अशा यंत्रांच्या अभिप्रायांत सहसा कोणी लिहीत नाही, म्हणून तेथूनच सुरुवात करते. माझे वय 49 वर्षे आहे. यंत्र घेण्यापूर्वीच्या वर्षभरात मला योनीमार्गाच्या बुरशीच्या संसर्गाचा, म्हणजे दवाखान्यात ज्याला यीस्ट इन्फेक्शन किंवा कॅन्डिडा म्हणतात त्याचा, पाच वेळा त्रास झाला. झोप मोडणारी खाज, लघवीला गेल्यावर होणारी जळजळ आणि दह्याच्या गुठळ्यांसारखे अंगावरून पांढरे जाणे हे सगळे मी दर वेळी गुपचूप सोसले. मेडिकलमध्ये जाऊन दबक्या आवाजात सांगायचे आणि काउंटरवरचा मुलगा जी ट्यूब देईल ती लावायची, असा क्रम पडून गेला होता. "काकू, दोन दिवसांत आराम पडेल," असे तो म्हणत असे आणि आराम पडतही असे, पण तीन-चार आठवड्यांनी पुन्हा तेच सुरू होई. त्यांपैकी दोन ट्यूबांत बुरशीविरोधी औषधासोबत स्टेरॉइड मिसळलेले होते, हे मला पुढे डॉक्टरांनी वेष्टनावर बोट ठेवून दाखवले. स्टेरॉइडमुळे खाज लगेच थांबते, परंतु त्या जागेची प्रतिकारशक्ती दबते आणि बुरशी तशीच राहते.

सहाव्या वेळी मी स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टरांकडे गेले. त्यांनी तपासणी केली, स्रावाचा नमुना सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासाठी पाठवला, कारण अंगावरून पांढरे जाणे म्हणजे दर वेळी बुरशीच असते असे नाही, आणि मग मला अनपेक्षित वाटलेला प्रश्न विचारला. "ताई, शुगर कधी तपासली होती?" कधीच तपासली नव्हती. उपाशीपोटी 171 आणि एचबीएवनसी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी, 8.9 असा अहवाल आला. मधुमेहाची रेषा उपाशीपोटी 126 आणि एचबीएवनसी 6.5 येथे धरतात, म्हणजे मी ती केव्हाच ओलांडून बसले होते. तहान, वजन घटणे यांपैकी एकही लक्षण मला जाणवले नव्हते. माझ्या बाबतीत मधुमेहाने दिलेली पहिली वर्दी ही खाजच होती.

या दोन्हींचा संबंध डॉक्टरांनी मला असा समजावून सांगितला. कॅन्डिडा ही बुरशी पुष्कळ निरोगी स्त्रियांच्या शरीरात अल्प प्रमाणात असतेच आणि तेथील उपयुक्त जिवाणू तिला ताब्यात ठेवतात. रक्तातील साखर वाढली की योनीमार्गाच्या स्रावातही साखर वाढते, बुरशीला आयते खाद्य मिळते आणि ती पेशींना अधिक घट्ट चिकटते. त्याच वेळी बुरशी गिळून मारणाऱ्या पांढऱ्या पेशी साखरेमुळे मंदावतात. रक्तातील साखर साधारण 180 च्या पुढे गेली की मूत्रपिंडाला ती सगळी परत शोषून घेता येत नाही आणि ती लघवीत उतरते, त्यामुळे बाहेरची त्वचाही सतत साखरेच्या संपर्कात राहते. ट्यूबने वरची बुरशी मरत होती, पण तिचे अन्न रोज ताटातून येत होते. अर्थात वारंवार असा संसर्ग होणाऱ्या प्रत्येक स्त्रीला मधुमेह असतोच असे मुळीच नाही, बहुतेकींना तो नसतोच, आणि अँटिबायोटिक किंवा गरोदरपण अशी इतर कारणेही असतात. तरीही वर्षात तीन-चार वेळा हा त्रास झाला असेल तर साखर तपासून न घेण्याला काहीही अर्थ नाही. पुरुषांनाही शिश्नाच्या टोकाशी बुरशीचा असाच वारंवार त्रास होत असेल तर हेच लागू पडते.

आता यंत्राविषयी. डबीत मीटर, पंचवीस पट्ट्या, बोटाला टोचायचे पेन, पंचवीस सुया आणि एक छोटी पिशवी एवढे सामान आले. पट्टी घातली की यंत्र आपोआप सुरू होते, कोड टाकावा लागत नाही, रक्ताचा अगदी बारीक थेंब पुरतो आणि पाच सेकंदांत आकडा दिसतो. पडद्यावरचे आकडे मोठे आणि ठसठशीत आहेत, ते मी चष्म्याशिवाय वाचते. जेवणाआधीची आणि जेवणानंतरची नोंद वेगळी ठेवण्याची सोय आहे, पण मी दोनशे पानी वही घातली आहे, कारण आकड्याशेजारी मी काय खाल्ले आणि त्या दिवशी खाज होती की नाही हे मला लिहायचे होते. टोचताना बोटाच्या मधोमध न टोचता कडेला टोचले तर दुखत नाही, हे परिचारिकेने दाखवले ते फार उपयोगी पडले.

अचूकतेबद्दल लोक फार विचारतात. अशा यंत्रांसाठी जो आंतरराष्ट्रीय निकष आहे, त्यानुसार शंभरमधली किमान 95 वाचने प्रयोगशाळेच्या आकड्याच्या 15 टक्के अलीकडे-पलीकडे असली पाहिजेत, आणि साखर 100 च्या खाली असेल तर 15 अंकांच्या आत. मी तीन वेळा प्रयोगशाळेत उपाशीपोटी रक्त देताच तेथेच बोट टोचून पाहिले. प्रयोगशाळेत 139 तर यंत्रावर 148, दुसऱ्यांदा 121 आणि 117, तिसऱ्यांदा 128 आणि 136. घरच्या वापरासाठी हे मला पूर्ण समाधानकारक वाटते. मात्र मधुमेह आहे की नाही याचे निदान या यंत्रावर करू नये, त्याला शिरेतून रक्त देणेच योग्य.

हात धुण्याची गोष्ट मात्र माहितीपत्रकात जितक्या बारीक अक्षरांत दिली आहे तितकी ती क्षुल्लक नाही. मे महिन्यात, आम्ही रत्नागिरीचे असल्यामुळे घरात आंब्याच्या पेट्या आलेल्या होत्या, मी नातवासाठी हापूस चिरला, हात फडक्याला पुसला आणि तसेच बोट टोचले. यंत्रावर 312 आले. मी घाबरून गेले. सुनेने साबणाने हात धुवायला लावून पुन्हा तपासले तेव्हा 164 निघाले. बोटाला राहिलेला आंब्याचा रस थेंबात मिसळला होता. त्या 312 वर विसंबून कोणी औषध वाढवले असते तर काय झाले असते, हा विचार आजही अस्वस्थ करतो.

यंत्राने मला खरे शिकवले ते उपासाच्या दिवशी. मी वर्षानुवर्षे दर चतुर्थीला आणि एकादशीला साबुदाण्याची खिचडी खात आले आहे, आणि उपास म्हणजे पोटाला विश्रांती अशीच माझी समजूत होती. पहिल्याच संकष्टीला खिचडीनंतर दोन तासांनी 251 आले. पुढच्या वेळी वरीचे तांदूळ आणि दाण्याची आमटी घेतली तर 214. नेहमीच्या दिवशी नाचणीची भाकरी, मटकीची उसळ आणि कोशिंबीर एवढ्यावर 150 ते 160 च्या दरम्यान राहते. वही मागे चाळून पाहिली तेव्हा ज्या आठवड्यांत दोन तासांनंतरचे आकडे सतत 200 च्या वर होते, त्याच आठवड्यांच्या शेवटी खाजेची खूण होती. एका बाईच्या वहीने काही सिद्ध होत नाही हे मला ठाऊक आहे, परंतु डॉक्टरांनी जे तोंडी सांगितले होते ते माझ्याच अक्षरात समोर दिसल्यावर पटले, आणि पटल्यावर पथ्य पाळणे जड गेले नाही. आता उपासाला मी राजगिरा, दही आणि काकडी घेते.

दुसऱ्या एका प्रसंगी या यंत्राने मला मोठ्या संकटातून वाचवले असे मी म्हणेन. निदान झाल्यावर मला मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड या साखर कमी करणाऱ्या गोळ्या सुरू झाल्या, आणि साखर खाली येईपर्यंत संसर्ग पुन्हा उलटला म्हणून फ्लुकोनाझोल 150 या बुरशीवरच्या औषधाच्या तीन गोळ्या पहिल्या, चौथ्या आणि सातव्या दिवशी घ्यायला सांगितल्या. या गोळ्या लिहून देताना डॉक्टरांनी बजावले होते की फ्लुकोनाझोलमुळे ग्लिमेपिराइड शरीरात अधिक काळ टिकते आणि साखर एकदम उतरू शकते, तेव्हा त्या आठवड्यात अधिक वेळा तपासा. पाचव्या दिवशी दुपारी साडेतीनच्या सुमारास कपाळाला दरदरून घाम आला आणि हात थरथरू लागले. यंत्रावर 58. तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून प्यायले, पंधरा मिनिटांनी 84 झाले, मग पोळी-भाजी खाल्ली. फोन केल्यावर डॉक्टरांनी ग्लिमेपिराइडची मात्रा त्या दिवसांपुरती निम्मी केली. बुरशीची गोळी मेडिकलमधून स्वतःच्या मनाने घेणाऱ्या मधुमेही बायकांनी हे जरूर लक्षात ठेवावे.

त्यानंतर सात महिने एकदाही त्रास झाला नाही. एचबीएवनसी 8.9 वरून 7.4 आणि पुढे 6.8 झाले. पण यंत्राची मर्यादा मला त्यानंतरच कळली, आणि ती स्पष्ट सांगितली पाहिजे. साखर मध्येच उतरते म्हणून ग्लिमेपिराइड बंद करून डॅपाग्लिफ्लोझिन हे मधुमेहाचे दुसरे औषध सुरू केले गेले. पेटंट संपल्यापासून हे औषध आपल्याकडे बरेच स्वस्त झाले आहे आणि पुष्कळांना दिले जाते. पाचव्या आठवड्यात ओळखीची खाज परत आली. मी वही काढली तर आकडे होते 112, 124, 118, 141. साखर इतकी चांगली असताना हे का, याचे उत्तर यंत्राजवळ नव्हते. डॉक्टरांनी लघवी तपासायला सांगितली आणि तीत साखर चार अधिक (++++), म्हणजे भरपूर, निघाली. हे औषध मूत्रपिंडाला साखर परत शोषू देत नाही, तर लघवीवाटे बाहेर काढते, दिवसाला साधारण 70 ग्रॅमपर्यंत, म्हणजे रक्त स्वच्छ दिसते आणि बुरशीला मात्र मेजवानी मिळते. ग्लुकोमीटर फक्त रक्ताचे सांगते, लघवीचे नाही. माझे औषध बदलले गेले आणि त्रास थांबला. ज्यांना हृदयासाठी किंवा मूत्रपिंडासाठी हे औषध दिले आहे त्यांनी मात्र ते परस्पर बंद करू नये. त्याचे फायदे मोठे आहेत आणि बहुतेकांचा संसर्ग साध्या उपचाराने बरा होतो. सांगायचे ते डॉक्टरांना, आणि न लाजता सांगायचे.

तक्रारी दोनच आहेत. यंत्र स्वस्तात मिळते, पण पन्नास पट्ट्यांच्या डबीला मला दर वेळी नऊशे रुपयांच्या वर मोजावे लागतात, आणि सुरुवातीचे दोन महिने दिवसातून चार वेळा तपासणाऱ्या माणसाला हा खर्च निश्चित जाणवतो. आता मी आठवड्यातून दोन दिवस, वेगवेगळ्या जेवणांनंतर तपासते आणि तेवढे पुरते. दुसरे असे की कोकणातल्या पावसाळ्यात पट्ट्या सांभाळाव्या लागतात. डबीचे झाकण एकदा रात्रभर उघडे राहिले आणि दुसऱ्या दिवशी एकापाठोपाठ तीन पट्ट्यांवर यंत्राने चूक दाखवली. विक्रेत्याने त्या बदलून द्यायला नकार दिला.

पाचपैकी चार तारे देत आहे, एक पट्ट्यांच्या किमतीसाठी राखून ठेवला आहे. ज्या मैत्रिणींना वरचेवर अंगावरून जाण्याचा त्रास आहे त्यांनी आधी हे यंत्र मागवू नये. आधी प्रयोगशाळेत उपाशीपोटीची साखर आणि एचबीएवनसी करून घ्यावे, आणि त्याच दिवशी हिमोग्लोबिनही पाहावे, कारण अंगात लोह कमी असेल तर एचबीएवनसी खऱ्यापेक्षा जास्त दिसू शकते. अहवालात मधुमेह निघाला, तर त्यानंतर हे यंत्र आणि एक वही घ्यावी.