लग्नाच्या अल्बमवाल्यांसाठी स्विसट्रान्सफर

कोल्हापुरात राजारामपुरीत माझं अल्बम डिझाइनिंगचं काम चालतं. कागल, गडहिंग्लज, निपाणीचे फोटोग्राफर मला लग्नाचे फोटो देतात, मी अल्बमची पानं म्हणजे शीट लावतो आणि फायनल जेपीजी लॅबला जातात. पूर्वी एसटीच्या पार्सलनं पेनड्राइव्ह यायचे. आता बहुतेक सगळं स्विसट्रान्सफर या मोठ्या फाइल लिंकनं पाठवायच्या वेबसाइटवरून येतं, आणि आमच्या धंद्यातल्या प्रत्येकानं ते वापरावं असं मला मनापासून वाटतं.

एका वेळेला 50 जीबी, फुकट, खातंही उघडायला नको. दोन कॅमेऱ्यांचं लग्न म्हटलं की 3000 जेपीजी सहज होतात. फोटोला 10 एमबी धरले तरी 30 जीबी झाले. जीमेलचं अटॅचमेंट 25 एमबीवर थांबतं. गूगल ड्राइव्हचे फुकटातले 15 जीबी मेल आणि गूगल फोटोज धरून आहेत. ते भरले की नवे मेल यायचेही बंद होतात.

"व्हॉट्सअ‍ॅपला टाकतो की ओ दादा," म्हणणाऱ्यांना मात्र हात जोडून विनंती आहे. फोटो म्हणून पाठवला की तो दाबून बारीक होतो. 12 बाय 36 इंची शीट 300 डीपीआयला (इंचाला 300 ठिपके) 10800 बाय 3600 पिक्सेलची असते. तिथं असला फोटो ताणला की शालूच्या जरीची वीण जाते आणि नुसता पिवळा पट्टा उरतो. त्याहून मोठं नुकसान म्हणजे फाइलचं नाव बदलतं आणि फोटो काढल्याची वेळ पुसली जाते. मी दोन्ही कॅमेऱ्यांचे फोटो वेळेवरूनच एकत्र लावतो. (लग्नाआधी दोन्ही कॅमेऱ्यांची घड्याळं जुळवून घ्या, एवढं ऐका.) मंगलाष्टकं संपताना एकात नवरा-नवरी असतात, दुसऱ्यात त्याच क्षणी डोळे पुसणारी नवरीची आई. हे दोन फोटो शेजारी बसले की शीट बोलते. हजारो फोटोंतून ती जोडी वेळेशिवाय शोधायची कशी? डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर फोटो जसाच्या तसा येतो, पण सगळे फोटो एका झिपमध्ये बांधून पाठवायचे तर एका फाइलला 2 जीबीची मर्यादा आहे.

स्विसट्रान्सफरला उणीव नाही असं नाही. लिंक जास्तीत जास्त 30 दिवस चालते. अल्बमचं सिलेक्शन घराघरांत त्याहून जास्त रेंगाळतं, म्हणून उतरवलेला डेटा लगेच हार्डडिस्कवर ठेवायचा. अपलोडला 50 एमबीपीएस मिळत असेल तर 30 जीबीला सव्वा-दीड तास लागतो. तोवर टॅब बंद करायचा नाही, लॅपटॉप स्लीपला जाऊ द्यायचा नाही. दिवे जातात तिथं राउटरही इन्व्हर्टरवर हवा.

पाठवताना पासवर्डची सोय आहे, ती वापराच. हे लोकांच्या घरातल्या लेकीबाळींचे फोटो आहेत. लिंक व्हॉट्सअ‍ॅपवर द्या, पासवर्ड फोन करून सांगा. किती वेळा डाउनलोड होऊ द्यायचं तेही ठरवता येतं.

घरच्यांना फोटो निवडायला द्यायचे असतील तर हे नको. त्यासाठी लहान साइझच्या कॉपी काढून ड्राइव्हचा फोल्डर द्या, आजीलाही मोबाइलवर बघता येतो. आणि फोटोग्राफर स्वतः लॅपटॉप घेऊन दुकानात आला असेल तर दोघांनी एकाच वायफायवर लोकलसेंड हे फाइल पाठवायचं अ‍ॅप उघडावं. त्याला इंटरनेटच लागत नाही.