राहायचं की पळायचं? इंग्लंडमधलं बांधील कूळ, १३५० च्या सुमारास

बांधील कूळ म्हणजे मालकाच्या परवानगीशिवाय गाव सोडता न येणारा शेतकरी. राहिलं तर जमीन टिकते. पण बऱ्याच गावांत आठवड्याचे दोन-तीन दिवस मालकाच्या शेतात फुकट राबायचं, मुलीच्या लग्नासाठी मालकाला पैसे भरायचे आणि बाप मेला की गोठ्यातलं सर्वांत चांगलं जनावर मालकाला द्यायचं.

पळालं तर जमीन गेलीच. सनदी शहरात (स्वतःच्या कारभाराचा लेखी हक्क मिळालेल्या) एक वर्ष आणि एक दिवस निभावला की सहसा मालकाचा हक्क संपतो, धोका त्याआधीचा. पण १३४८-४९ च्या प्लेगनंतर मजुरांचा इतका तुटवडा, की शेजारचा जमीनदारही फारशी चौकशी न करता कामावर घेतो. १३५१ च्या कायद्याने मजुरी जुन्या दराला बांधली, तरी चोरून जास्त मिळतेच.

एकट्या तरुणाने पळावं. पोरंबाळं असतील तर मालकाला वार्षिक रक्कम भरून परवानगीने बाहेर राहणं बरं.